बांधाला बांध: महाविद्यालयातील स्पर्धेमागचे मानसशास्त्र

लेखी परीक्षेच्या दिवशी सकाळी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या जिन्यात उभे राहिले, तर एकच संवाद दहा जोड्यांच्या तोंडून ऐकू येतो. “झाला का रे अभ्यास?” “कुठला! दोन युनिटं तर उघडूनही बघितली नाहीत.” उत्तर देणाऱ्याच्या हातातली वही शेवटच्या पानापर्यंत पिवळ्या हायलायटरने रंगलेली असते आणि विचारणाऱ्यालाही ते दिसत असते. निकाल लागतो तेव्हा ‘काहीच न वाचलेला’ हा मुलगा वर्गात दुसरा किंवा तिसरा आलेला असतो. पुण्यात अनेक वर्षे शिकवताना मी हा प्रसंग कित्येकदा पाहिला आहे. सुरुवातीला मला तो साधा खोटेपणा वाटत असे. आता तसे वाटत नाही, कारण हाच मुलगा रात्री इंटरनेटवर कुठल्या अनोळखी विद्यार्थ्याने विचारलेल्या शंकेला अर्धा तास खर्चून उत्तर लिहितो, हेही मी पाहिले आहे. म्हणजे मदत करण्याची वृत्ती त्याच्यात नक्कीच आहे. ती आखडते फक्त शेजारच्या बाकावरच्या मित्रासमोर, आणि ती तिथेच का आखडते, हा खरा प्रश्न आहे.

मराठीत या गोष्टीसाठी एक जुना शब्द आहे: भाऊबंदकी. शेतकऱ्याचे भांडण दुसऱ्या जिल्ह्यातल्या मोठ्या बागायतदाराशी होत नाही. ज्याच्या बांधाला आपला बांध लागून आहे, त्याच्याशी होते. विद्यार्थ्यांमधल्या स्पर्धेवर मानसशास्त्रात जे संशोधन झाले आहे, त्यातला बराचसा भाग याच निरीक्षणाभोवती मांडता येतो. स्पर्धा पेटते ती जवळच्या माणसाशी, कारण स्वतःला मोजण्यासाठी आपल्या हाताशी असलेली मोजपट्टी तोच असतो.

या विचाराची रीतसर मांडणी लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये केली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: आपण कसे आहोत, आपल्याला किती येते, हे जाणून घेण्याची गरज माणसाला असतेच. जिथे बाहेरचे पक्के माप उपलब्ध असते, तिथे माणूस ते वापरतो. शंभर मीटर पळायला किती सेकंद लागले हे घड्याळ सांगते. पण ‘मी हुशार आहे का?’ या प्रश्नाला घड्याळ नाही. मग माणूस इतरांकडे पाहतो, आणि तेही कोणाकडेही नव्हे, तर आपल्यासारख्याच माणसाकडे. बुद्धिबळ नुकतेच शिकलेला मुलगा स्वतःची तुलना विश्वनाथन आनंदशी करत नाही, कारण त्या तुलनेतून त्याला स्वतःविषयी काहीच कळत नाही. तो गल्लीतल्या त्याच वयाच्या मुलाशी करतो. फेस्टिंगरने आणखी एक गोष्ट सांगितली. मते आणि क्षमता यांत फरक असा की, क्षमतेच्या बाबतीत माणसाला केवळ बरोबरी पुरत नाही, त्याला थोडे वर असावेसे वाटते. आता दोन सारखी माणसे एकमेकांकडे पाहत असतील आणि दोघांनाही दुसऱ्यापेक्षा थोडे वर असायचे असेल, तर स्पर्धा सुरू करायला तिसऱ्या कोणाची गरज उरत नाही.

आपल्या व्यवस्थेने या स्वभावाला आकड्यांचे खतपाणी घातले आहे. महाविद्यालयात येणारा विद्यार्थी ज्या परीक्षेच्या जोरावर येतो, त्या एमएचटी-सीईटीचा निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. पर्सेंटाइल म्हणजे टक्केवारी नव्हे. ९२ पर्सेंटाइल म्हणजे त्या सत्रात परीक्षा दिलेल्या दर शंभरांपैकी साधारण ९२ जणांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी आहेत, एवढेच. तुम्हाला भौतिकशास्त्र किती कळते हे त्या आकड्यात सांगितलेले नसते. तुमच्या खाली किती लोक आहेत हे सांगितलेले असते. लाखो उमेदवारांना मर्यादित जागांवर बसवायचे, तर असे काहीतरी माप लागणार हे मला मान्य आहे. पण सतरा-अठरा वर्षांचे मूल दोन वर्षे याच मापाने स्वतःकडे पाहायला शिकते आणि प्रवेश झाल्यावर ते माप काढून ठेवायला त्याला कोणी सांगत नाही, याची मला काळजी वाटते.

गंमत अशी, की सीईटीला राज्यभरातून लाखो मुले बसतात, तरी त्या लाखोंविषयी कोणाच्या मनात असूया नसते. साठ जणांच्या वर्गात मात्र वातावरण तापते. याचे एक उत्तर स्टीफन गार्सिया आणि अविशालोम टोर यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात सापडते. त्यांनी विद्यार्थ्यांना एक सोपी प्रश्नमंजुषा दिली आणि सर्वांत आधी पूर्ण करणाऱ्या २० टक्के लोकांना पाच डॉलर मिळतील असे सांगितले. काहींना सांगितले की तुम्ही दहा जणांत आहात, इतरांना सांगितले की शंभर जणांत आहात. जिंकण्याची शक्यता दोन्हीकडे सारखीच होती, कारण दहांपैकी दोन आणि शंभरांपैकी वीस हे प्रमाण एकच. तरीही दहांच्या गटातील मुलांनी सरासरी सुमारे २९ सेकंदांत काम संपवले, तर शंभरांच्या गटातील मुलांना सुमारे ३३ सेकंद लागले. प्रतिस्पर्धी थोडे असले की ते डोळ्यांसमोर येतात, त्यांच्याशी तुलना करता येते आणि अंगात जोर येतो. गर्दी झाली की चेहरे पुसट होतात आणि तुलनाही पुसट होते.

याच संशोधकांनी रिचर्ड गोन्झालेस यांच्यासोबत २००६ मध्ये क्रमवारीविषयी आणखी एक निरीक्षण नोंदवले होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकावरचे प्रतिस्पर्धी एकमेकांशी जितके अडून वागतात, तितके दोनशेदोन आणि दोनशेतीन या क्रमांकांवरचे वागत नाहीत. खालच्या क्रमांकावरचे लोक दोघांचाही फायदा होणारा सौदा सहज स्वीकारतात; वरचे मात्र समोरच्याचा फायदा आपल्यापेक्षा जास्त होऊ नये म्हणून स्वतःचे नुकसानही पत्करायला तयार होतात. वर्गातल्या पहिल्या चौघांच्या नोट्स कधीच झेरॉक्सच्या दुकानापर्यंत का पोहोचत नाहीत आणि मधल्या फळीतली मुले मात्र एकच वही सहा जणांत का फिरवतात, याचे उत्तर मला इथे सापडले. मधली मुले मनाने अधिक मोठी असतात असे नाही. त्यांच्या क्रमांकावर कोणाची नजर नसते, इतकेच.

मैत्रीमुळे हे निवळायला हवे असे आपल्याला वाटते. अब्राहम टेसर यांच्या प्रयोगातून दिसलेले चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात विद्यार्थी आपल्या एका मित्राला घेऊन आले. शब्द ओळखण्याचे काम होते आणि प्रत्येकाने इतरांना सूचक शब्द द्यायचे होते. ते सोपे द्यायचे की अवघड, हे देणाऱ्याच्या हाती होते. हा नुसता खेळ आहे असे सांगितले, तेव्हा मुलांनी अनोळखी माणसापेक्षा मित्राला सोपे शब्द दिले. पण या कामातून महत्त्वाची बौद्धिक क्षमता मोजली जाते असे सांगितले, आणि सुरुवातीला त्यांची स्वतःची कामगिरी बेताचीच झाल्याचे त्यांना कळले, तेव्हा मित्राला अनोळखी माणसापेक्षा अवघड शब्द मिळाले. टेसर यांचे स्पष्टीकरण असे की, मित्राच्या यशाने आपली मानही उंचावते, पण ते यश आपल्या क्षेत्राबाहेरचे असेल तरच. रूममेट पुरुषोत्तम करंडकात पारितोषिक मिळवतो तेव्हा आपण वसतिगृहभर सांगत सुटतो. तोच रूममेट आपल्याच शाखेत, आपल्याच विषयात चार गुण जास्त घेतो, तेव्हा अभिनंदन करताना आवाज किंचित उतरतो. दोन्ही वेळी मैत्री खरीच असते.

आपल्याकडे अशा वेळी खेकड्यांच्या टोपलीची गोष्ट सांगून ‘मराठी माणूस मराठी माणसाचे पाय ओढतो’ असे म्हणण्याची सवय आहे. मला ही गोष्ट अन्यायाची वाटते. वरचे सगळे प्रयोग अमेरिकन विद्यार्थ्यांवर झालेले आहेत. पाय ओढण्याचा संबंध जातीशी वा प्रांताशी जोडण्यापेक्षा अंतराशी जोडणे अधिक खरे ठरेल.

आता जिन्यातल्या त्या संवादाकडे परत जाता येईल. ‘काहीच अभ्यास झाला नाही’ असे सांगणाऱ्या मुलाला दोन बाजूंनी संरक्षण मिळते. गुण कमी पडले, तर कारण तयार असते आणि बुद्धीवर डाग पडत नाही. गुण चांगले पडले, तर ‘न वाचता एवढे मिळाले’ म्हणून बुद्धीचे तेज आणखी वाढते. स्टीव्हन बर्ग्लास आणि एडवर्ड जोन्स यांनी १९७८ मध्ये या वागण्याला स्वतःच्या वाटेत अडथळा उभा करणे असे म्हटले. त्यांच्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना न सुटणारी कोडी दिली आणि तरीही ‘तुम्ही उत्तम केलेत’ असे सांगितले. हे यश आपल्याला कसे मिळाले हे त्या विद्यार्थ्यांना माहीत नव्हते. पुढच्या चाचणीआधी दोन औषधांपैकी एक निवडायचे होते, एक बुद्धीला चालना देणारे आणि दुसरे ती मंद करणारे असे सांगितलेले. असे अनाकलनीय यश मिळालेल्यांपैकी, विशेषतः मुलग्यांपैकी, बऱ्याच जणांनी मंद करणारे औषध निवडले. पुन्हा यश मिळेल याची खात्री नसली, की माणूस अपयशाची सबब आधीच हाताशी ठेवतो.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते, जी पालकांच्या लक्षात सहसा येत नाही. चढाओढीने वागणारा विद्यार्थी आत्मविश्वासाने फुगलेला असतो असा समज आहे. प्रत्यक्षात अनेकदा तो स्वतःविषयी साशंक असतो. कॅरेन हॉर्नाय यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच असे म्हटले होते की, काही माणसांना जिंकणे हवे असते त्यापेक्षा हरण्याची भीती जास्त असते, आणि ते जिथे स्पर्धा नाही तिथेही ती ओढून आणतात. पुढे रिचर्ड रिकमन यांनी त्यावरून प्रश्नावली तयार केली आणि १९९० च्या दशकात असेही दाखवले की स्पर्धेची दुसरी एक तऱ्हा असते, ज्यात माणूस समोरच्याकडे स्वतःला घडवण्याची संधी म्हणून पाहतो. बाहेरून दोघेही पहाटे चारला उठून अभ्यासच करत असतात. ओळखायचे झाल्यास एक साधी खूण आहे. प्रतिस्पर्धी आजारी पडून परीक्षेला आला नाही, तर एकाला हायसे वाटते आणि दुसऱ्याला चुकल्यासारखे वाटते.

ही भीती कुठून येते, याची कारणे अनेक आहेत आणि घर हे त्यांपैकी एक आहे. ‘समोरच्यांच्या मुलीला किती पडले?’ हा प्रश्न विचारणाऱ्या आईवडिलांच्या मनात वाईट काही नसते, पण मुलाच्या मनात गुण आणि आपुलकी यांची गाठ तिथे बसते. ज्या घरातून शिकायला बाहेर पडणारा हा पहिलाच मुलगा आहे, ज्याच्या फीसाठी शैक्षणिक कर्ज काढले आहे किंवा जमिनीचा तुकडा गहाण पडला आहे, त्याच्यासाठी तर एक केटी म्हणजे फक्त एक विषय राहणे नसते. जेनिफर क्रॉकर यांनी अशा अवस्थेचा बराच अभ्यास केला आहे. ज्यांचा आत्मसन्मान गुणांवर टांगलेला असतो, त्यांचे मन प्रत्येक निकालाबरोबर इतरांपेक्षा जास्त वरखाली होते.

आणि मग येते पहिले सत्र. तालुक्याच्या गावी दहावी-बारावीत पहिली आलेली मुलगी पुण्यातल्या वर्गात येते आणि तिच्या लक्षात येते की आजूबाजूची साठही मुले कुठून ना कुठून पहिलीच आलेली आहेत. तिची बुद्धी रातोरात कमी झालेली नसते. मोजपट्टी बदललेली असते. हर्बर्ट मार्श यांनी याला लहान तळ्यातल्या मोठ्या माशाची उपमा दिली. त्यांच्या निष्कर्षानुसार सारख्याच कुवतीचे दोन विद्यार्थी घेतले, तर ज्याच्याभोवती जास्त हुशार मुले आहेत त्याचे स्वतःच्या अभ्यासाविषयीचे मत खालावते. २००३ मध्ये मार्श आणि कित-ताई हाऊ यांनी २६ देशांतील एक लाखाहून अधिक विद्यार्थ्यांच्या माहितीवर हे तपासले आणि हा परिणाम निरनिराळ्या संस्कृतींत आढळला. आपल्याकडे त्यात भाषेचीही भर पडते. मराठी माध्यमातून आलेला मुलगा तोंडी परीक्षेत उत्तर माहीत असूनही इंग्रजी वाक्य जुळवता जुळवता गप्प होतो आणि शेजारचा अर्धवट उत्तर फाडफाड बोलून जातो. बाहेर पडल्यावर पहिला मुलगा असे समजतो की आपल्याला विषयच येत नाही. पहिल्या सत्रानंतर जी मुले वर्गात मागे मागे सरकत जातात, जेवायलाही कोणाबरोबर जात नाहीत, त्यांच्याशी बोलताना मला बहुतेक वेळा याच जागी पोहोचावे लागते. ज्यांची झोप उडाली आहे किंवा ज्यांना जगणेच नकोसे वाटू लागले आहे, त्यांनी निकालाची वाट पाहत थांबू नये. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

यावर ‘पण स्पर्धेशिवाय प्रगती कशी होणार?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्त आहे. नॉर्मन ट्रिप्लेट यांनी १८९८ मध्ये हाच प्रश्न प्रयोगशाळेत नेला होता. सायकलस्वार एकट्याने पळवण्यापेक्षा सोबत कोणी असताना जास्त वेगाने सायकल पळवतात, हे नोंदींवरून पाहून त्यांनी मुलांना मासेमारीच्या गळाची चक्री फिरवायला दिली, कधी एकट्याने, कधी दुसऱ्याच्या शेजारी. हा प्रयोग सांगताना ‘स्पर्धेने वेग वाढतो’ एवढेच बहुधा सांगितले जाते. मूळ आकडे अधिक बोलके आहेत. ४० मुलांपैकी २० जणांचा वेग वाढला, १० जणांवर फारसा परिणाम झाला नाही आणि १० जण उलट मंदावले, कारण उत्तेजित होऊन त्यांचे हात आखडले. शंभराहून अधिक वर्षांनंतरही चित्र फार वेगळे नाही. कोऊ मुरायामा आणि अँड्र्यू एलियट यांनी २०१२ मध्ये तोवर झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा स्पर्धा आणि कामगिरी यांचा संबंध जवळजवळ शून्य निघाला. याचा अर्थ स्पर्धेचा परिणाम होत नाही असा नाही. परिणाम दोन असतात आणि ते विरुद्ध दिशांना ओढतात. काहींच्या मनात स्पर्धेमुळे ‘मला पुढे जायचे आहे’ हे ध्येय जागे होते आणि कामगिरी सुधारते. काहींच्या मनात ‘मला मागे पडायचे नाही’ हे जागे होते आणि कामगिरी घसरते. बेरीज केली की दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून एखाद्या शिक्षकाने ‘माझ्या वर्गात मी स्पर्धा लावतो आणि मुले चमकतात’ असे सांगितले, तर मी त्यावर विश्वास ठेवते, पण त्याला एवढेच विचारते की मागच्या बाकावरच्यांचे काय झाले.

शिवाय गुण वाढणे आणि गोडी वाढणे या वेगळ्या गोष्टी आहेत. एडवर्ड डेसी आणि सहकाऱ्यांच्या १९८१ च्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना कोडे ‘दुसऱ्याच्या आधी’ सोडवायला सांगितले आणि काहींना नुसते जमेल तितके चांगले सोडवायला सांगितले. नंतर मोकळ्या वेळेत कोडे तिथेच ठेवले, तेव्हा दुसऱ्याला हरवण्यासाठी खेळलेल्यांनी त्याला कमी हात लावला. जिंकून झाल्यावर कोड्यात त्यांच्यासाठी काही उरले नव्हते. सबमिशनची फाइल सही होऊन परत आल्यावर पुन्हा कधीच उघडली न जाणे, याचे मूळ मला इथे दिसते.

म्हणूनच नियम कसे आखलेले आहेत याला फार महत्त्व आहे. सापेक्ष श्रेणीपद्धतीत वरची श्रेणी ठरावीक विद्यार्थ्यांनाच मिळते, म्हणजे मित्राला समजावून सांगितल्याने माझी श्रेणी खरोखरच घसरू शकते. तिथे वही लपवणे हा स्वभावदोष म्हणता येत नाही, ते नियमाला दिलेले उत्तर असते. ठरलेल्या गुणांना ठरलेली श्रेणी असेल, तर सगळा वर्ग वर जाऊ शकतो. प्लेसमेंटमध्येही हा फरक दिसतो. ‘साठ टक्के आणि एकही बॅकलॉग नाही’ हा कंपनीचा निकष सर्वांना एकत्र पार करता येतो आणि त्या काळात मुले एकमेकांच्या केट्या सोडवायला बसतात. कंपनी दोनच जणांना घेणार हे कळले, की त्याच खोलीत हेडफोन चढतात.

मॉर्टन डॉइच यांनी १९४९ मध्ये एमआयटीच्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग यासाठी मला अजूनही मोलाचा वाटतो. पाच-पाच जणांच्या काही गटांना सांगितले की सगळ्या गटाला एकच श्रेणी मिळेल आणि तुलना दुसऱ्या गटांशी होईल. बाकीच्या गटांत सदस्यांची क्रमवारी आपापसांत लागणार होती. पहिल्या प्रकारच्या गटांत लोक एकमेकांचे अधिक लक्ष देऊन ऐकत होते, कामे वाटून घेत होते, वातावरण स्नेहाचे होते आणि चर्चेचा दर्जाही वरचा होता. स्पर्धा तिथेही होती. ती फक्त बांधापलीकडे नेऊन ठेवली होती.

माझ्या वर्गात मी एक लहानसा बदल करून पाहिला. चाचणीच्या गुणांची यादी उतरत्या क्रमाने लावण्याऐवजी हजेरी क्रमांकानुसार लावली. त्याच संध्याकाळी वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी तिचा फोटो पाहून एक्सेलमध्ये उतरत्या क्रमाने लावलेली यादी टाकली. मोजपट्टी मी काढून घेतली होती आणि तिच्या जागी दुसरी दिली नव्हती. पुढच्या चाचणीला यादी लावलीच नाही. प्रत्येकाच्या उत्तरपत्रिकेवर आताचे गुण आणि शेजारी मागच्या चाचणीचे गुण असे दोन्ही लिहिले आणि ती हातात दिली. मुले नेहमीप्रमाणे लगेच शेजारी वाकलीच. तिसऱ्या बाकावरच्या मुलीला शेजारणीने विचारले, “तुला किती?”

“मागच्या वेळी अकरा होते, आता एकोणीस.”

“बाई गं! कुठल्या युनिटला एवढे वाढले? मला दाखव ना.”

तिने उत्तरपत्रिका दोघींच्या मध्ये ठेवली आणि दुसरे पान उघडले.